आत्याचा तक्रारअर्ज

आत्या माणसांचे दोनच प्रकार मानायची. आपल्याला फसवून झालेली आणि अजून फसवायची राहिलेली. मी कुठल्या प्रकारात मोडते, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तिला आत्या म्हणणारी खरी एकच, तिच्या भावाची मुलगी. त्या भाचीचं ऐकून शिडाच्या शाळेतली पोरं तिला आत्या म्हणायला लागली, पोरांचं ऐकून आम्ही पालक, आणि आमचं ऐकून पोस्टमनसुद्धा. शिडाच्या होड्या चालवायला शिकवणारी ही शाळा म्हणजे खाडीकाठच्या जुन्या धक्क्याच्या टोकाला उभी असलेली पत्र्याची शेड. आत अकरा छोट्या होड्या, एकेका मुलाला पुरतील एवढ्या, लाकडी घोड्यांवर पालथ्या घातलेल्या. भिंतीला गुंडाळलेली शिडं, खुंट्यांवर दोरांची वेटोळी, आणि कोपऱ्यात लांब हाताचं जाड शिलाई मशीन. आत्या ट्रकच्या ताडपत्र्या आणि दुकानांचे पडदे शिवून पोट भरायची. सकाळी दोन तास आणि सुट्टीचा सगळा दिवस मात्र पोरांचा. शाळा भावाने काढली होती, होड्याही त्यानेच बांधल्या होत्या. तो गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं आता. आत्याने दुसऱ्या आठवड्यात शेडचं कुलूप उघडलं.

धक्क्यावरून गावात येणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. माझी मुलगी त्या शाळेत जायची. पहिले तीन दिवस तिने रोज होडी उलटवली, म्हणून पोरांनी तिचं नाव 'पालथी' ठेवलं. ही हकिकत मला माहीत आहे ती एक तर तिच्यामुळे, आणि दुसरं म्हणजे यातला जवळजवळ प्रत्येक कागद माझ्या मशीनखालून गेला म्हणून.

त्या वर्षी सुरक्षा बोटीचं इंजिन कायमचं बंद पडलं. पोरांच्या होड्यांमागे इंजिनची एक बोट लागते. कुणी उलटलं, कुणाला वाऱ्याने लांब नेलं, तर धावायला. ती बोट नसेल तर एकही मूल पाण्यात उतरवायचं नाही, असा बंदराचा नियम. रखवालदाराने येऊन तो वाचून दाखवला आणि शाळा जमिनीवर आली. दोन महिने पोरं शेडमध्ये बसून गाठी मारत होती. गाठी मारून मारून किती मारणार? एकतीस मुलं होती, चौदा उरली.

एक दिवस भाची माझ्या दुकानात आली. मुलांच्या खेळांना सरकारी मदत देणारी एक योजना निघाली होती, तिचा अर्ज तिने माझ्याच काउंटरवर भरला.

"आत्याला सांगू नका हं," ती म्हणाली.

"का गं? सही तर तिचीच लागेल."

"सही कराराच्या वेळी लागते, तेव्हा घेईन. आधी सांगितलं तर अर्जच फाडेल."

महिन्याभराने योजनेच्या विभागाचं पत्र आलं. सोबत भरलेल्या अर्जाची प्रत, बारा पानी कराराचा मसुदा, आणि निरीक्षक पाहणीला येतील असा निरोप. पत्र आत्याच्या हातात पडलं. ती तडक माझ्याकडे आली, कारण अर्जावर माझ्या दुकानाचा शिक्का होता.

"तू पण यात?" तिने विचारलं. मी काही बोलायच्या आत ती खुर्चीवर बसली. "पाहणी कशाची करणार? पोरांची की जागेची?"

तिला असं वाटायला कारण होतं. एकोणीस वर्षांची असताना ती शिडं शिवण्याच्या कारखान्यात होती. चाळीस बायका, एक लांबच लांब खोली, लाकडी जमीन. धंदा बसत चालला तेव्हा एक सरकारी माणूस मदत घेऊन आला. गोड बोलायचा, सगळ्यांबरोबर चहा प्यायचा, शिलाईचं कौतुक करायचा. बायकांनी करारावर सह्या केल्या. तीन वर्षांनी कळलं, कारखाना कागदावर दुसरीकडे हलवलाय. ते 'दुसरीकडे' कुणालाच सापडलं नाही. लांब खोली पाडली, तिथे आज गाड्या उभ्या राहतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आत्या तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची.

निरीक्षक पहिल्यांदा आला तो मंगळवारी सकाळी. उंच, हाडकुळा, बगलेत फाईल. तो हसला नाही. चहा पुढे केला तर म्हणाला, "नको." नुसतं नको. मग त्याने खिशातून फीत काढली आणि शेडचं दार मोजलं. पोरांकडे पाहिलंही नाही. होड्या पाण्यात सोडतात त्या धक्क्याच्या उताराशी जाऊन उभा राहिला, पाण्यापासून चार हात लांब, आणि विचारलं, "ओहोटीला इथे किती पाणी असतं?"

"होडीपुरतं," आत्या म्हणाली.

"शेडमध्ये रात्री कुणी झोपतं का?"

"का? तुम्हाला झोपायचंय?"

त्याने फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि मागच्या भिंतीचे दोन फोटो काढून निघून गेला.

त्या दिवशी आत्याने एक वही केली. त्यात त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा, त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न, कशाकडे किती वेळ बघितलं, सगळं. दुसऱ्या खेपेला त्याने उताराच्या दोन्ही कडा मोजल्या. तिसऱ्या खेपेला आत्याने त्याला शेडच्या आत घेतलंच नाही, किल्ली हरवली म्हणून सांगितलं. किल्ली तिच्या कमरेला होती आणि वाजत होती.

"अगं, तो आपल्या मदतीसाठी येतोय," भाची म्हणाली.

"मदतीला आलेला माणूस पोरं मोजतो. हा दारं मोजतोय."

"पण हा हसत नाही, चहा पीत नाही. त्या जुन्या माणसासारखा तर नाहीये ना?"

"तो हसायचा म्हणून आम्ही फसलो. आता त्यांनाही कळलंय ते. म्हणून न हसणारा पाठवलाय."

खरं सांगायचं तर मलाही तिचं म्हणणं पटत चाललं होतं. खाडीपलीकडे एक मोठं हॉटेल उभं राहत होतं आणि अलीकडच्या किनाऱ्यावरही कुणाचा तरी डोळा आहे, असं बोललं जात होतं. कोण बोलत होतं ते विचारलंत तर सांगता येणार नाही. पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं सगळ्यांना वाटायचं.

चौथ्या खेपेला आत्या त्याच्या मागे गेली. साठीची बाई, हातात ताडपत्रीचं गाठोडं, म्हणजे कुणी विचारलंच तर गिऱ्हाइकाकडे चालले म्हणायला. तो बसथांब्याकडे वळला नाही. धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा होता, बगलेत नकाशांच्या गुंडाळ्या. दोघांनी भिंतीवर नकाशा पसरला. निरीक्षकाने आमच्या शेडकडे बोट केलं. नकाशावाल्याने मान हलवली.

आत्या धापा टाकत दुकानात आली. "बघितलं मी. स्वतःच्या डोळ्यांनी. शेड दाखवत होता त्याला. विकलं गं आपल्याला!"

तिथल्या तिथे तिने तक्रारअर्ज सांगितला आणि मी तो टाइप केला. निरीक्षक पाहणीच्या नावाखाली जागेची मापं बाहेरच्या लोकांना पुरवतो, मुलांच्या शिक्षणात त्याला रस नाही, त्याचं वागणं संशयास्पद आहे. एकूण सात मुद्दे. खाली अकरा पालकांच्या सह्या झाल्या, त्यातली तिसरी माझी. 'बाहेरच्या लोकांना पुरवतो' हे वाक्य लिहिताना माझा हात थबकला होता. पण आत्या समोर उभी होती, आणि मी पुढे टाइप केलं.

भाचीने सही करायला नकार दिला.

"तू नकाशावाल्याला विचारलंस का, तो कोण आहे?"

"चोराला विचारायचं, बाबा रे, तू चोर का?"

"मग मी पण चोरच. अर्ज मी भरलाय, तुझ्या पाठीमागे. माझ्यावरही कर तक्रार."

त्यानंतर पंधरा दिवस दोघी एकाच शेडमध्ये काम करत होत्या, पण निरोप पोरांकरवी पाठवायच्या. 'ताईला सांग दोर आण.' 'आत्याला सांग आणलाय.'

आम्हाला विभागात बोलावणं आलं. आत्या, भाची, आणि सह्या करणाऱ्यांतर्फे मी. तिसऱ्या मजल्यावर लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना फाइलींनी फुगलेली लोखंडी कपाटं. टेबलामागे साहेबबाई, चष्मा केसांवर चढवलेला. एका बाजूला निरीक्षक, गुडघ्यांवर फाईल. साहेबबाईंनी आमचा तक्रारअर्ज पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. आपलंच लिखाण त्या माणसाच्या तोंडावर वाचलं जाताना कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं. मी टेबलाच्या पायाकडे बघत बसले.

"बोला," साहेबबाई निरीक्षकाला म्हणाल्या.

तो नोंदी बघून बोलू लागला. आवाज चढला नाही की बसला नाही. दार मोजलं, कारण आग लागली तर मुलं बाहेर पडतील एवढं रुंद हवं. झोपण्याचं विचारलं, कारण कुणी राहत असेल तर शेड घर ठरते आणि घराला ही योजना लागू नाही. मागच्या भिंतीला तडा होता, त्याचे फोटो दुरुस्ती मंजूर व्हावी म्हणून.

"आणि नकाशावाला?" आत्या बसल्या जागेवरून म्हणाली.

"बंदराचा मोजणीदार आहे. तुमचा उतार सर्वांच्या वापराचा आहे असा कागद नसेल, तर तुमचा अर्ज पहिल्याच टेबलावरून परत येतो. जुन्या नकाशात तशी नोंद आहे असं त्याच्याकडून कळलं. ती प्रत मिळवायला मी त्याच्याकडे तीन खेपा घातल्या." त्याने फाईलमधून एक पिवळट कागद काढून टेबलावर ठेवला. "ही ती प्रत."

आत्याने तो उलटसुलट करून पाहिला. मग आत्या म्हणाली, "मला सांगायचं होतं मग."

"पाहणी संपेपर्यंत अर्जदाराला काही सांगता येत नाही. आणि तुम्ही मला आत तरी कुठे घेतलंत?"

मला वाटलं, आता आत्या माफी मागेल. तिने पिशवीतून कराराचा मसुदा काढला. तीन दुपारी भिंग लावून तिने तो वाचला होता, आणि जिथे जिथे शंका आली तिथे पेन्सिलीची खूण न करता दाभणाने लाल दोऱ्याचा टाका घातला होता. बारा पानांत सहा टाके. तिने नववं कलम उघडलं.

"'विभागास आवश्यकतेनुसार जागेच्या वापराची पुनर्रचना करता येईल.' हे काय?"

"छापील मसुदा आहे बाई. सगळीकडे तोच असतो," साहेबबाई म्हणाल्या.

"आमच्या कारखान्याच्या करारात हेच वाक्य होतं. शब्द न् शब्द तोच. मी तेव्हा वाचलं नव्हतं, आता पाठ आहे. हे असेल तर मी सही करणार नाही. इंजिन गेलं खड्ड्यात."

भाचीचा चेहरा पांढरा पडला. साहेबबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, कलम वाचलं, परत वाचलं. "छापील मजकूर मला बदलता येत नाही."

"पुरवणी जोडता येते," निरीक्षक म्हणाला. तो खिडकीकडे बघत होता. "मागे एका व्यायामशाळेला जोडली होती. जागेच्या वापरात काहीही बदल करायचा तर संस्था आणि पालक यांची लेखी संमती घ्यावी लागेल, अशी. त्या फाईलचा क्रमांक देतो."

ज्या माणसावर आम्ही सात मुद्दे लिहिले होते त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर क्रमांक लिहिला, आणि चिठोरं आत्याला न देता भाचीच्या हातात दिलं.

खाली उतरताना आत्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसली. मी म्हटलं, "गुडघे दुखतायत का?" तिने मान हलवली, म्हणजे नाही. मग म्हणाली, "बोलताना त्याचा घसा कोरडा पडला होता. ऐकलंस तू?"

भाचीने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि शेजारी बसली. त्या दोघींचं पोरांकरवीचं बोलणं तिथे संपलं.

पुरवणी जोडली गेली. पण ज्याच्यावर तक्रार आली तो माणूस त्या कामावर राहत नाही, असा नियम होता. खरी असो वा खोटी. त्याच्या जागी दुसरा निरीक्षक आला. गोरागोमटा, हसरा. आल्या आल्या दोन कप चहा प्यायला, शिडांवरून हात फिरवून म्हणाला, "काय शिलाई आहे हो!" आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू दाबावं लागलं. तो गेल्यावर तिने अकराच्या अकरा शिडं मोजली.

इंजिन आलं तेव्हा पोरांनी खोकं फोडण्याआधी आत्याने त्यावरचा क्रमांक मंजुरीच्या पत्राशी जुळवला. एक आकडा पुसट होता, म्हणून ते खोकं एक दिवस तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी भाचीने बोट पाण्यात ढकलली, दोरी ओढली, आणि खाडीवर तो आवाज पुन्हा घुमला. महिन्याभरात गळालेली बरीचशी पोरं परत आली. माझी पालथीही पाण्यात उतरली आणि पहिल्याच दिवशी तिने नावाला जागून दाखवलं.

शेवटी एक दिवस आत्या मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. तिसरी सही तुझी आहे."

त्या निरीक्षकाला तळमजल्यावर जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं होतं. खिडकी नाही, दिवसाही दिवा लावलेला. आम्हाला बघून तो उठला नाही.

"माझं चुकलं," आत्या म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. "तुम्ही चांगलं करत होतात आणि मी तुमच्यावर बालंट घेतलं."

"बसा," तो म्हणाला. आम्ही बसल्यावर म्हणाला, "हे इथे बोलून उपयोग नाही. तक्रार माझ्या सेवापुस्तकात लागली आहे. माझी बढती याच वर्षी होती. माफी मागायची तर लेखी मागा, वरच्या कार्यालयाला."

"रागावला आहात?"

"हो," तो म्हणाला.

तिने लेखी माफी मागितली. चार वेळा मजकूर बदलला, चार वेळा मी टाइप केला. वरून उत्तर आलं, निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही. आत्याने पुन्हा लिहिलं, मागे घेऊ नका, पण ती खोटी होती एवढी नोंद तिच्याखाली करा. त्याला उत्तर नाही. दर दोन महिन्यांनी ती स्मरणपत्र पाठवायची. इतर दहा पालकांकडून नव्या पत्रावर सह्या घ्यायला ती घरोघर फिरली. तक्रारीवर पटापट सह्या करणाऱ्यांतल्या चौघांनी आता हात वर केले. "कशाला पुन्हा त्या भानगडीत?" मीही सही करताना इकडेतिकडे बघितलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वर्षी कराराच्या नूतनीकरणाचा कागद आला. हसऱ्या निरीक्षकाने स्वतः आणून दिला, म्हणाला, "मागचाच आहे, फक्त सही करा." आत्याने आणि भाचीने तो माझ्या काउंटरवर दोन तास वाचला. पुरवणीत 'लेखी संमतीने' होतं तिथे आता 'लेखी माहितीने' होतं. आधी संमती लागायची, आता नुसतं कळवलं की पुरे.

आत्याने मशीनवरून एक प्रत काढून घेतली आणि ती तळमजल्यावरच्या त्या खोलीत घेऊन गेली. त्याने ती दिव्याखाली धरली.

"टायपिंगची चूक असेल," तो म्हणाला.

"असेल?"

"नसेलही. सही करू नका. जुनी प्रत जोडून परत पाठवा, आणि पोच घ्या. तोंडी कुणाचं काही ऐकू नका." मग प्रत परत देताना म्हणाला, "माझंही नाही."

कागद परत गेला आणि तीन आठवड्यांनी दुरुस्त होऊन आला. चूक कुणाची होती ते कुणी सांगितलं नाही. हसरा निरीक्षक त्यानंतरही येत राहिला, हसत राहिला.

लेखी माफीचं उत्तर चौदा महिन्यांनी आलं. दोन ओळींचं: सदर तक्रार तथ्यहीन असल्याची नोंद घेण्यात आली आहे. त्याची बढती पुढच्या वर्षी झाली, म्हणजे दोन वर्षं उशिरा. आत्याच्या पत्रांमुळे झाली की आपसूक, ते तिला ठाऊक नाही. तो तिच्याशी मोकळा कधी झाला नाही. रस्त्यात दिसला तर मान हलवतो आणि पुढे जातो.

यंदा शाळेत चौतीस मुलं आहेत. पाण्यावरचं सगळं भाची बघते, आणि आत्या उताराच्या कडेला खुर्ची टाकून बसते. परवा मी गेले होते. वारा चांगला होता, पोरांच्या होड्या एका बाजूला कलून खाडीच्या मधोमध चालल्या होत्या. धक्क्यावर कुणीतरी अनोळखी माणूस उभा राहून बघत होता. आत्याने मला जवळ बोलावलं.

"तो कोण गं?"

"असेल कुणीतरी. होड्या बघत असेल."

"मग जाऊन विचार ना," ती म्हणाली. मी गेले. तो एका नव्या मुलीचा बाप निघाला.